मोड पडताना

काका, आ क्यारे वळ्युं? झरणा विचारते
आणि संतरामपूरकडून आणलेला दगड
माझ्या करवतीशेजारी ठेवते, ओल्या गोणपाटावर.
तामड्याचे दाणे आहेत त्यात, मसुराएवढे,
आणि अभ्रकाचे पदर, असे दुमडलेले
की ही घडी कुणी घातली, विचारावंसं वाटावं.

मी कापणारा. एकतीस वर्षं
फतेहगंजच्या या खोलीत दगडांचे काप काढतो,
केसाहून पातळ, आरपार उजेड जाईल इतके.
पुस्तकी मला फार येत नाही.
गारगोटी पिवळी दिसली तर अजून घासायचं,
राखाडी झाली की हात उचलायचा.
एक फेरी जास्त झाली
तर शंभर कोटी वर्षं मोरीतून वाहून जातात
आणि मुलं रडतात.

धक्के काठावर बसतात, खंडाच्या पोटात निवांत,
असं मलाही वाटायचं.
तसं नसतं म्हणे.
कुठेतरी कुणीतरी रेटलेलं
आत, फार आत येऊन पोचतं,
आणि साधा चिखल शिजतो, वाकतो, चकाकायला लागतो.
मग रेटणारे डोंगर झिजून जातात.
वाकलेलं तेवढं राहतं.

आणि तारीख?
वळणाला तारीख नसते, काका.
घडी पडत असताना
तिच्या कुशीत जे वाढत होतं, ते मोजायचं.
भिंगाखाली तिनं दाखवला : अभ्रकात एक ठिपका,
भोवती काळसर वलय. मोनाझाइट.
आत थोरियम, थोडं युरेनियम,
त्यांचं शिसं होत चाललेलं,
कुणी बघो न बघो.

काप दुसऱ्या गावच्या मशीनवर गेला. आकडे आले दिवाळीनंतर.
गाभा एकशे अठ्ठावन्न कोटी,
काठ चौऱ्याण्णव, अधिक-उणे दोन.
म्हणजे एकदा वाकून परत वाकलंय, झरणा म्हणाली,
आणि खोलीभर पेढे वाटले.
दोन कोटी वर्षांचा घोळ, आणि पेढे!

माझा भाऊ रघुवीर विश्वामित्रीपलीकडे राहतो.
आम्ही बोलत नाही.
कधीपासून, कुणी विचारलं
तर मी म्हणतो, आई गेली तेव्हापासून.
बायको म्हणते, त्याच्या आधीच.

त्या रात्री दिवा घेऊन चौकटीशी बसलो.
मुलीच्या उंचीच्या खुणा आहेत तिथे,
दर वाढदिवसाच्या, शिसपेन्सिलीच्या.
खालच्या सहा रघूच्या हातच्या :
बारीक, तिरक्या, आकड्यांना शेपट्या,
नकाशे काढणाऱ्याचा हात.
सातवी माझी. जाड. पुढच्याही माझ्याच.
सहा आणि सातच्या मधे
चार बोटं लाकूड, कोरं.

आई गेली तेव्हा मुलगी आठ पुरी होती.
म्हणजे बायकोचं बरोबर.
साडेसहा, अधिक-उणे सहा महिने.
काय झालं त्या वर्षी, ते लाकडात नाही.
मीही आठवून पाहिलं. एक शिडी आठवली,
कुणीतरी परत न केलेली. बाकी काही नाही.

दिवा वर नेला, उगीच.
माझ्या शेवटच्या खुणेच्या दोन बोटं वर
एक रेघ. बारीक. तिरकी.
शेजारी एकोणीस, नवाला शेपटी.

मुलगी एकोणीसची झाली
तेव्हा मी इथेच, या करवतीपाशी असणार.
बायकोला विचारलं. ती चहा गाळत होती.
आला असेल, म्हणाली,
आणि गाळणं झटकलं.

झरणाचा दुसरा काप सकाळपासून हातात आहे.
उजेडात धरला.
पिवळा आहे अजून.
घासायला हवा.